२६ जानेवारी, सोमवार, घारापुरी बंद

प्लॅन माझा होता त्यामुळे बोलणीही मीच खाल्ली. नोव्हेंबरातच कॅलेंडर चाळून ठेवलं होतं, २६ जानेवारी सोमवारी येतेय, शनिवार-रविवार जोडून तीन दिवस, लेकीला शाळा नाही, नवऱ्याला ऑफिस नाही, आणि आईला एकदा मुंबईला न्यायचं हे गेली दोन वर्षं नुसतं 'जाऊ या गं'वर अडकून पडलेलं. बडोद्याहून मुंबई म्हणजे काय, चारशे किलोमीटरसुद्धा नाही. तिकिटं काढली, घारापुरीच्या लेण्यांचं सगळं वाचून काढलं, लाँच कुठून सुटते, वर किती पायऱ्या, आईला चढवतील का, डोली मिळते का, सगळ्याचे स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये. आणि शनिवारी संध्याकाळी माझगावला मामेभावाच्या घरी पोह्यांची बशी हातात घेऊन मी मोठ्या ऐटीत म्हणाले, सोमवारी आम्ही एलिफंटाला.

दादाने बशीतून मान वर केली. "सोमवारी घारापुरी बंद असते."

"अरे पण २६ जानेवारी आहे ना."

"सोमवार आहे ना?"

बस्स. अख्ख्या देशाला सुट्टी म्हणून आम्ही चौघं इतक्या लांब आलो आणि त्या त्रिमूर्तीला पण नेमकी त्याच दिवशी सुट्टी. नवरा काही बोलला नाही, फक्त माझा मोबाइल उचलून ते स्क्रीनशॉट एकेक करून बघत बसला. हे बोलण्यापेक्षा वाईट.

मग रविवारी जा की, असं कोणीही म्हणेल. पण रविवारी होती रथसप्तमी, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, वहिनीने बिल्डिंगमधल्या तीसेक बायका बोलावलेल्या, आणि आई म्हणाली भाचेसुनेचं हळदीकुंकू टाकून मी लेणी बघायला जाऊ? लेणी कुठे पळून जातायत? दीड हजार वर्षं आहेत तिथेच. यावर काय बोलणार.

त्या हळदीकुंकवात एक बाई मला फार कौतुकाने म्हणाल्या, गुजरातमध्ये राहून मराठी किती छान ठेवलंय हो तुम्ही. हे मला प्रत्येक वेळी ऐकावं लागतं आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं. ठेवलंय म्हणजे काय, लोणचं आहे का ते? अहो, दांडिया बाजारात माझी पणजी मराठीतच भांडायची. गायकवाडांचं राज्य होतं ते, मराठी काय मुंबईहून पार्सल नाही आलेलं. आता आमच्या बोलण्यात 'मला नाही फावणार' येतं, ते गुजरातीतलं आहे हे मला कॉलेजात कळलं, तोपर्यंत मी ते मराठीच समजत होते, आणि अजूनही समजते. त्या बाईंना मी एवढंच सांगितलं की १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढची अकरा वर्षं तुम्ही आम्ही एकाच राज्यात होतो. माझे आईवडील, ती गिरगावातली, ते रावपुऱ्यातले, दोघंही जन्माने मुंबई राज्याचेच. १९६० ला मधून रेघ ओढली गेली. बाई म्हणाल्या, अय्या हो का, आणि तिळगूळ दिला.

वाण म्हणून वहिनीने घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे दिले, त्या रबरी रिंगवाले. आईने सगळ्यांच्या देखत माझा पण डबा आपल्या पिशवीत घातला आणि वहिनीला विचारून आणखी एक मागून घेतला. मला लाज वाटली. तीन डबे कशाला हवेत ते तेव्हा कळलं नव्हतं.

आईबद्दल थोडं सांगायला हवं.

आई गिरगावातल्या चाळीत वाढलेली, सीकेपी, म्हणजे मासळीशिवाय आठवडा जात नाही असं घर. १९७४ ला लग्न होऊन बडोद्याला आली. वाड्यात होती तोपर्यंत ठीक होतं, तिथे आजूबाजूला आपलीच माणसं, कोणाच्या घरी काय शिजतंय ते बिनधास्त विचारलं जायचं. नंतर बाबांनी समा भागात सोसायटीत घर घेतलं, तळमजला, पुढे छोटीशी बाग, आणि दोन्ही बाजूला शेजारी एकदम चांगले, अडीअडचणीला धावून येणारे, पण कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. कोणी कधी काही बोललं नाही. तरी आईने पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं. सुरमई आणायची ती बाबांनी स्कूटरच्या डिकीत, कागद, त्यावर प्लास्टिक, त्यावर कापडी पिशवी. मग स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या बंद, मागचं दार बंद, दाराच्या फटीला ओलं फडकं, आणि देवासमोर लावतात त्या उदबत्त्या चार-पाच एकदम पेटवून ओट्यावरच्या बटाट्यात खोचायच्या. बटाट्यात खोचलेल्या उदबत्त्या, त्यांच्या धुरात खाली तव्यावर तुकड्या चर्रर्र वाजतायत आणि घामाघूम झालेली आई पदराने वारा घेत उभी. मला अजूनही चंदनाचा वास आला की भूक लागते. हे मी नवऱ्याला लग्नानंतर सांगितलं तेव्हा तो देवळात माझ्याकडे संशयाने बघायला लागला.

आणि मग ऑगस्ट २०२४. बडोद्यातल्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांनी व्हिडिओ बघितले असतील. विश्वामित्री नदी घरात आली. आमच्याकडे कंबरेपर्यंत. आईला आम्ही शेजाऱ्यांकडे वरच्या मजल्यावर नेलं, तेच ते कांदा-लसूण न खाणारे, त्यांनी तीन दिवस आम्हा चौघांना खिचडी-कढी खाऊ घातली. खाली फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि मागच्या गल्लीत मगर दिसली म्हणून पोरं गच्चीवरून टॉर्च मारत होती. पाणी उतरलं तेव्हा खरी गंमत कळली. पाणी जातं हो, गाळ जात नाही. वीतभर काळा चिकट गाळ, ड्रॉवरमध्ये, देव्हाऱ्यात, शिवणाच्या मशीनच्या पोटात. आणि तो वास. फिनेल, ब्लीचिंग पावडर, चुना, काय काय केलं, भिंतींनी तो धरून ठेवला तो दिवाळीपर्यंत. तेव्हापासून मला पाण्याचीच धास्ती बसलीये, अगदी सूरसागर तलावाच्या काठाने स्कूटर नेतानाही मी आतल्या बाजूने चालवते. आईचं मात्र काही कळलं नाही, ती त्याबद्दल बोललीच नाही कधी. तिने फक्त एक दिवस भांडी घासता घासता म्हटलं, मला एकदा मुंबई दाखवून आण.

आता सोमवार.

सकाळी आठला बिल्डिंगच्या आवारात झेंडावंदन. खुर्च्या, पांढरी चुन्याची रांगोळी, बिघडलेला माइक, सगळीकडे असतं तसंच. खरं सांगायचं तर बडोद्यात २६ जानेवारी जरा झोपाळूच असते, दोन आठवड्यांपूर्वीच्या उत्तरायणात सगळा जीव गच्चीवर सांडून झालेला असतो, झाडांवर कापलेले पतंग अजून लटकत असतात. आणि गुजरातमधल्या माझ्या वयाच्या कोणालाही २६ जानेवारी म्हटलं की झेंड्याच्या आधी दुसरंच आठवतं. २००१. सकाळचे ८ वाजून ४६ मिनिटं. मी एकोणीस वर्षांची होते, वाड्यातल्या माजघरात झोपाळा होता पितळी कड्यांचा, तो रिकामा झोपाळा आपोआप हलायला लागला. आई म्हणाली, आत्ता कोण उठलं यावरून? कोणीच उठलं नव्हतं. बाबा आंघोळीला गेलेले. मग भांडी वाजायला लागली. बडोदा वाचलं तसं, पण कच्छ गेलं, भूज, भचाऊ, आणि अंजारला तर झेंडे घेऊन निघालेली शाळेची पोरं अरुंद गल्लीत होती, दोन्ही बाजूंनी घरं कोसळली. त्यानंतर दर वर्षी या दिवशी मी कुठेही असले तरी पावणेनऊच्या सुमाराला माझी नजर घड्याळावर जातेच. माझगावातही गेली. तेव्हा नववीतला एक मुलगा माइक हातात धरून 'आम्ही, भारताचे लोक' वाचत होता, 'सार्वभौम'ला अडखळला, परत पहिल्यापासून सुरू केलं त्याने. छान वाटलं उलट.

दादा तिथेच मागे उभा राहून लेकीला सांगत होता (त्याला गोष्टी सांगायची भारी हौस, नोकरी पोर्टात, दोन वर्षांत रिटायर होईल, मग ऐकणार कोण हा प्रश्नच आहे) की तुझ्या बडोद्याच्या सयाजीरावांनी बाबासाहेबांना स्कॉलरशिप दिली, १९१३ ला ते इथूनच, मुंबईच्या बंदरातून, अमेरिकेला निघाले. १९१७ ला परत येताना सामान आणि पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली, पहिल्या महायुद्धाचे दिवस, ती बोट टॉर्पेडोने बुडवली. सगळी पुस्तकं समुद्राच्या तळाशी. लेकीने विचारलं, मग? मग बडोद्याला नोकरीला गेले, दादा म्हणाला, आणि गप्प झाला. कारण पुढचं बडोद्यानेच केलेलं आहे. एवढा शिकून आलेला माणूस, राहायला कोणी जागा देईना, पारशी वसतिगृहातून काठ्या घेऊन हाकललं, कमाटी बागेत झाडाखाली बसून राहावं लागलं आणि तिथून परत मुंबईची गाडी. लेक त्या बागेत लहानपणापासून टॉय ट्रेनमध्ये बसायला जाते. ते झाड कुठलं ते आल्यावर दाखवायचं कबूल केलंय मी, ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखतात.

दादानेच मग तोडगा काढला. घारापुरी नाही तर नाही, भाऊच्या धक्क्यावर चला, उरणजवळच्या मोऱ्याची लाँच पकडू, पलीकडे जाऊन परत येऊ, तुमचं हार्बर बघून होईल. आणि आत्याला धक्का बघू दे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, भाऊचा धक्का म्हणजे गेटवे नाही. गेटवेला फुगेवाले, फोटोवाले, मागे ताज. इथे पावलापावलावर बर्फाचा चुरा, डिझेल, मासळीचं पाणी, हातगाड्या 'बाजू बाजू' ओरडत अंगावर येणाऱ्या, आणि धक्क्याला खेटून तीन-तीन चार-चार ओळीत होड्या बांधलेल्या, प्रत्येकीवर आपापल्या देवाचा झेंडा आणि आज त्याच्या बाजूला तिरंगा. ज्या भाऊंनी तो बांधला ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. लोकांना बोटीत चढता-उतरताना हाल होतात हे बघून त्यांनी धक्का उभारला आणि लोकांनी नाव काही अजिंक्य धक्का ठेवलं नाही, भाऊचाच म्हटलं. मला हे फार आवडलं.

आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेलेले, पहाटेचा लिलाव उरकलेला, तरी कडेला कोळणी पाट्या मांडून होत्या. नवरा नाकाला रुमाल, लेक ओढणीत तोंड खुपसून. आणि आई? आईने चपला नीट घातल्या, साडी जरा वर खोचली आणि आमच्या पुढे चालायला लागली. गुडघ्यांसाठी दोन वर्षं ऑइंटमेंट लावणारी माझी आई त्या चिकट फरशीवरून अशी काही चालली की मीच मागे राहिले. एका पाटीसमोर थांबली, वाकली, कोळणीला न विचारता एका पापलेटचा कल्ला अंगठ्याने उघडून आत बघितलं आणि म्हणाली, कालचं आहे. कोळीणही तशीच. "आजीबाय, कालचं नाय, रातचं हाय, बोट दोन वाजता लागली." "मग बर्फ कमी पडला तुझा." यावर दोघी खूश. मी बघत उभी. बटाट्यातल्या उदबत्त्या आठवत होत्या मला.

लाँच जुनी लाकडी, बाकं, वर ताडपत्री. लाइफ जॅकेटं दिली, दादाने आमच्या सगळ्यांच्या पट्ट्या स्वतः ओढून बघितल्या. डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात घारापुरीला निघालेल्या लाँचवर नेव्हीची स्पीडबोट आदळून माणसं गेली, त्यानंतर इथे कोणी जॅकेटवरून वाद घालत नाही. मी बाकाची कड पकडून बसले होते हे सांगायला नको. लाँच सुटली तशी गोदीच्या भिंती मागे सरकायला लागल्या आणि दादाची कॉमेंट्री सुरू. ही प्रिन्सेस डॉक, ती व्हिक्टोरिया, १४ एप्रिल १९४४ ला इथे फोर्ट स्टिकिन बोट उडाली, एकाच बोटीत कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, कोणी भरलं असेल डोकं लावून? विटा उडून लांब लांब लोकांच्या घरावर पडल्या. आई म्हणाली, माझ्या आईने ऐकलाय तो आवाज, गिरगावात मांडणीवरची बरणी पडून फुटली, लोणच्याची. सोनं नाही पडलं आमच्याकडे, बरणी तेवढी गेली.

लांबवर नेव्हीच्या जहाजांवर शेंड्यापासून टोकापर्यंत रंगीत निशाणांच्या माळा, सणाच्या दिवशी म्हशीला सजवतात तशा. (ही उपमा नवऱ्याची, मी फक्त लिहितेय, नेव्हीवाल्यांनी रागावू नये.) पलीकडे न्हावा शेवाच्या उंच क्रेन, जिराफ पाणी प्यायला आल्यासारख्या. डावीकडे अटल सेतू, पाण्यावरून संपतच नाही तो, एकूण २१.८ किलोमीटर, त्यातला साडेसोळा समुद्रावर. लेकीने अगदी रास्त प्रश्न विचारला, मामा, वीस मिनिटांत गाडी पलीकडे जाते मग ही लाँच अजून का चालते? दादाने उत्तर दिलं नाही, समोर बघ म्हणाला. समोरच्या बाकावर दोन बायका रिकाम्या पाट्या उलट्या ठेवून त्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. त्यांच्याकडे कुठली गाडी. आणि मग अगदी समोर, हिरवी, दोन उंचवट्यांची, घारापुरी. बंद. नवऱ्याने फोटो काढला आणि मला पाठवला, शेजारी बसून.

मोरा जवळ आलं तेव्हा बारा वाजत आलेले आणि पाणी उतरलेलं. दादा म्हणाला आज अष्टमी, भांगाचं पाणी आहे, म्हणून बरं, फार खाली जात नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरती जितकी वर तितकीच ओहोटी खोल, मग इथे गाळात लाँच शिरतच नाही, तासन्‌तास थांबून राहावं लागतं लोकांना. तिथी बघून ऑफिसला निघतात इथली माणसं. भांगाचं पाणी असूनसुद्धा जेटीच्या दोन्ही बाजूला चिखल उघडा पडला होता, काळा, चकचकीत, मध्येच पाण्याचे ओघळ, एक होडी कुशीवर कलंडलेली, त्यावर कावळे. आणि वारा आमच्या बाजूचा.

तो वास आला आणि माझे हात गार पडले. तोच. समाचा. ड्रॉवरमधला, शिवणाच्या मशीनमधला. मी पटकन आईकडे बघितलं, म्हटलं हिला आता काय होतंय, पाण्याची बाटली काढू का, परत फिरायला सांगू का. आई डोळे बारीक करून त्या चिखलाकडे बघत होती. खोल श्वास घेतला तिने. मग दादाला विचारते, "काय रे, इकडे जिताडा मिळेल का?"

मी तिला म्हटलं, आई, तुला तो वास नाही आठवला?

"कुठला?"

"पुराचा."

तिने परत एकदा हुंगलं, अगदी भाजीत मीठ आहे का बघतात तसं. "छे. त्यात गटार होतं. हा खारा आहे." आणि मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुला दोन वर्षं हेच वाटतंय होय? आधी बोलायचंस की." आता मला तिच्यासाठी बाटली काढायची होती, ती माझ्यासाठीच निघाली. चिखलातून एक पोरगं गुडघाभर रुतत चाललं होतं, हातात कसलीतरी जाळी, निवांत शीळ घालत. ते जेटीच्या टोकाला पोचेपर्यंत आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो.

जिताडा मिळाला नाही. मिळाला असता तर तो घेऊन बडोद्याला कशी जाणार होती देव जाणे.

परत येऊन वहिनीकडचं जेवण (बोंबलाचं कालवण, खिडक्या सताड उघड्या), झोप, आणि संध्याकाळी लायटिंग. हे खरं आईचं मागणं. गिरगावात असताना २६ जानेवारीच्या रात्री चाळीतली सगळी माणसं वर्गणी काढून ट्रक ठरवायची, भाजीवाल्याचा ट्रक, खाली सतरंज्या तरी कोबीचा वास जायचा नाही, बायका-पोरं मागे कोंबलेली आणि फोर्टात रोषणाई बघत रात्रभर फिरायचं. व्ही.टी., म्युनिसिपालिटी, हायकोर्ट, मग चर्चगेट. हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की मला तो कोबीचा वास सुद्धा माहीत आहे. सीएसएमटीला उतरलो तर ही गर्दी. पोलिसांचे बॅरिकेड, फुगे, पिपाण्या, गालावर तिरंगा काढून देणारे, आणि अख्खं स्टेशन केशरी-पांढरं-हिरवं, समोर महापालिकेची इमारत तशीच. सगळे मोबाइल वर. खरोखर सुंदर दिसत होतं, मला तर बघून भरून आलं.

आई मान वर करून बराच वेळ बघत होती. "बल्ब नाहीत."

"एलईडी आहे आजी, बाहेरून लाइट मारतात."

"आमच्या वेळी बल्ब लावायचे, ओळीने. प्रत्येक कमान, प्रत्येक खिडकी रेघेने काढल्यासारखी दिसायची. अंधारात नुसतं चित्र. हे म्हणजे रंगात बुडवून काढलंय." मग रस्त्यावर बघत, "ट्रक नाही आला एकही?" ट्रक कुठला यायला, त्या रस्त्यावर त्या वेळी सायकल घुसली नसती.

नवऱ्याचं वेगळंच दुःख. बडोद्याचा माणूस मुंबईला आला की त्याच्या मनात काय असतं ते सांगायची गरज नाही, आमच्याकडे १९६० पासून बारा महिने ड्रायच. शनिवार पोहे आणि नातेवाइकांत गेला, रविवार हळदीकुंकवात, सोमवारी संध्याकाळी दोन तास मोकळे मिळाले म्हणून तो आणि दादा 'जरा फिरून येतो' म्हणून सटकले आणि दहा मिनिटांत परत. २६ जानेवारी. ड्राय डे. सगळी शटरं खाली. इतकं मनापासून मी बरेच दिवसांत हसले नव्हते. घारापुरीचे सगळे स्क्रीनशॉट तिथल्या तिथे वसूल झाले. बिचाऱ्याने मग उसाचा रस प्यायला, बर्फ जास्त टाकून.

दादरहून रात्रीची गाडी. लहानपणी बडोदा एक्सप्रेस बॉम्बे सेंट्रललाच लागायची, तिथून निघताना आजोबा न चुकता सांगायचे की या लाइनच्या नावातच आपलं गाव होतं, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया, मुंबईच्या पाठोपाठ लगेच बरोडा. आता नुसती वेस्टर्न. थ्री टायर एसीत आमचे चार बर्थ, समोर साइडला एक बेन, बहुतेक सुरतच्या, शाल पांघरून माळ ओढत बसलेल्या. बोरिवली गेलं, दिवे मालवले, आणि मला तो वास यायला लागला. खारा, वाळलेला, ओळखीचा. मी आईच्या बर्थखाली हात घालून पिशवी चाचपली. तीन डबे. वाणाचे. रबरी रिंगवाले. धक्क्याबाहेर मी आणि लेक लिंबू सरबत पीत होतो तेवढ्या दहा मिनिटांत बाईने किलोभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घेतले होते, डब्यात भरून, वर सेलोटेप मारून.

"आई, काय हे?" मी कुजबुजले.

"झोप तू."

बेनने माळ थांबवली. नाक वर केलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि आईलाच विचारलं, "बेन, कंईक वास आवे छे, नै?"

पन्नास वर्षं बडोद्यात काढलेल्या माझ्या आईने शाल नीट केली आणि अस्सल चरोतरी हेल काढून म्हणाली, "एसी नो छे, बेन. आ लोको साफ ज नथी करता."

"साची वात छे," बेन म्हणाल्या, आणि पर्समधून उदबत्तीचा पुडा काढला. पेटवायची नव्हती, गाडीत कशी पेटवणार, नुसती एक काडी काढून उशाशी ठेवली, आणि एक आईला दिली.

चंदन होतं. मला वलसाडपर्यंत भुकेने झोप आली नाही.